आधी छताचा हिशेब मांड

तुझं अंदाजपत्रक दोनदा वाचलं, नकाशेही पाहिले. अभिप्राय मागितलास म्हणून लिहितो आहे, आणि मऊ शब्दांत लिहिणार नाही. माझ्या वर्गात बसून बांधकामशास्त्र शिकलेला, आज स्वतःच्या नावाने कामं घेणारा माणूस स्वतःच्याच घराचा असा कागद करतो याची मला चीड आली आहे.

नागपुरात घर बांधतोस. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, कधी त्याच्याही पुढे. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'ऊर्जाबचतीचे घर' असं लिहिलं आहेस. आत काय आहे? दर्शनी भागाच्या दगडी क्लॅडिंगचे प्रकार, दर, मापं. हॉलच्या फॉल्स सीलिंगचा वेगळा तक्ता. मॉड्युलर किचनच्या बिजागऱ्या कोणत्या कंपनीच्या, तेसुद्धा. दीड-दीड टनाचे चार एसी. आणि छताची उष्णता रोखण्याच्या कामाला एकच ओळ : 'टेरेस हीट प्रूफिंग, लमसम.' सामान कोणतं, जाडी किती, थर कोणत्या क्रमाने, काही म्हणजे काही नाही. ज्याला बिजागरीचा हिशेब मांडता येतो त्याला छताचा मांडता येत नाही, हे मी मान्य करणार नाही. तुला येतो. तू मांडला नाहीस. हा आळस आहे, आणि तो घरात राहणाऱ्यांना पुढची तीस-चाळीस वर्षं भोवणार आहे.

आता वही घे आणि माझ्याबरोबर मांड.

उष्णता घरात शिरते कुठून, हा पहिला प्रश्न. तो न विचारताच तू विक्रेत्यांना फोन लावत सुटलास. बंगल्यात सगळ्यात मोठा मारा छतावर असतो. पूर्वेच्या भिंतीला ऊन सकाळी, पश्चिमेच्या भिंतीला दुपारनंतर. मेच्या अखेरीस नागपुरात मध्यान्हीचा सूर्य अगदी माथ्यावर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला त्या दिवसांत फारसं ऊन लागत नाही. गच्चीला मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत क्षणाची उसंत नाही. काँक्रीट ती उष्णता पोटात साठवतं आणि उशिरा सोडतं. रात्री दहाला पलंगावर पडल्यावर वरून जी धग जाणवते, ती दुपारी आत शिरलेली असते. म्हणून खर्चाचा पहिला रुपया गच्चीवर जायला हवा. तुझ्या कागदात तो दर्शनी दगडावर गेला आहे.

आता आकडे. काँक्रीटची उष्णतावाहकता साधारण १.५८, पक्क्या विटेची ०.८१, ब्रिक बॅट कोब्याची ०.८ च्या आसपास. तुझी १५० मिलीमीटरची स्लॅब, वर १०० मिलीमीटर कोबा, खाली गिलावा, आणि दोन्ही अंगांच्या हवेच्या पातळ थरांचा अडथळा, एवढं सगळं जमेस धरलं तरी एकूण अडथळा जेमतेम ०.४५ भरतो. त्याचा व्यस्त म्हणजे यू-व्हॅल्यू, ती २.२ येते. याचा अर्थ, बाहेर-आत एका अंशाचा फरक असेल तर दर चौरस मीटरमधून २.२ वॉट उष्णता आत येणार. गच्ची १०० चौरस मीटरची आहे. ऊन जमेस धरून फरक ३० अंश घेतला, तरी ६,६०० वॉट होतात. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर फेकतो. म्हणजे जवळजवळ दोन टनांचा एसी फक्त छतातून आलेली उष्णता उपसत बसणार. माणसं, खिडक्या, भिंती, चूल यांचा हिशेब त्याच्या पुढचा. भोक पडलेला रांजण भरण्यासाठी मोठा पोहरा विकत आणावा, तसं तुझं हे चार एसींचं नियोजन आहे.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता काढली. त्यात छताची यू-व्हॅल्यू १.२ च्या वर जाऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. तुझं छत त्या मर्यादेच्या पावणेदोन पटींहून जास्त आहे, आणि पहिल्या पानावर तू ऊर्जाबचतीचं नाव घेतोस. ही संहिता तू उघडून पाहिली नाहीस हे कागदावरून कळतं. तुझ्या धंद्याचा दस्तऐवज आहे तो. परीक्षेला नव्हता म्हणून वाचायचा नाही, ही सवय आता सोड.

पुढचा हिशेब नीट बघ, कारण किफायत म्हणजे काय ते इथे कळतं. याच छतावर एक्सपीएसची, म्हणजे दाबून काढलेल्या पॉलिस्टायरीनची शीट घाल. तिची वाहकता ०.०३३ धर. २५ मिलीमीटर घातली की यू-व्हॅल्यू २.२ वरून ०.८३ वर येते, म्हणजे १०० भाग उष्णतेतले ६२ भाग अडले. ५० मिलीमीटर घातली की ०.५१, म्हणजे ७७ भाग अडले. १०० मिलीमीटर घातली की ०.२९, म्हणजे ८७ भाग. पहिल्या इंचाने ६२ भाग अडवले, दुसऱ्या इंचाने १५, आणि पुढच्या दोन इंचांनी मिळून फक्त १०. सामानाचा पैसा मात्र दर इंचाला जवळपास सारखाच वाढतो. म्हणून तुझ्यासारख्या घराला ५० मिलीमीटर पुरे. वरचा मजला दिवसभर एसीत ठेवायचा असेल तर ७५ चा विचार कर. त्यापुढे जाणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

तू फोनवर मला 'आर-३८ घालायचं म्हणतोय' असं सांगितलंस. हा आकडा तू अमेरिकेतल्या व्हिडिओत ऐकलास. तिथला आर, म्हणजे अडथळा, फूट, तास आणि फॅरनहाइट अंशांत मोजतात. आपल्या मापात आणायचं तर ५.६८ ने भागावं लागतं. ३८ चे होतात ६.७. ते साधायला एक्सपीएसचा सुमारे २२० मिलीमीटर थर लागेल, नऊ इंचांच्या भिंतीएवढा. तिथल्या थंड भागांत महिनोन् महिने बर्फ असतो. बाहेर उणे १० आणि आत २० असा ३० अंशांचा फरक दिवस-रात्र टिकतो, आणि माळ्यावर स्वस्त लोकर पसरायला मोकळी जागा असते. तुझ्याकडे फरक मुख्यतः दिवसा आणि उन्हाळ्यात. हवामान वेगळं, छताची घडण वेगळी, मोजमापाचं एकक वेगळं. एकक न तपासता आकडा उचलणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गात उभं करत असे. तुलाही केलं आहे.

आता सामान. तीन विक्रेत्यांकडून तू दर आणलेस ते चौरस फुटाचे. तिघांची जाडी वेगळी, वस्तू वेगळी, आणि तू सगळ्यात खालच्या दरावर खूण केली आहेस. चौरस फुटाच्या दराने फरशी घेतात. इथे आपण उष्णतेला अडथळा विकत घेतो आहोत, तर दर अडथळ्याचाच काढायला हवा. मीटरमधली जाडी भागिले वाहकता म्हणजे अडथळा. चौरस मीटरच्या किमतीला त्याने भाग. जो आकडा येईल त्यावर तुलना कर. अडथळा १.५ हवा असेल तर पीयूएफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोम, सुमारे ३६ मिलीमीटर लागतो, एक्सपीएस ५०, साधा थर्माकोल म्हणजे ईपीएस ५४. हाच अडथळा नुसत्या ब्रिक बॅट कोब्याने मिळवायचा तर तो १२०० मिलीमीटर जाड लागेल. माणसाच्या छातीएवढा. १०० मिलीमीटरचा कोबा दर चौरस मीटरला पावणेदोनशे-दोनशे किलो भरतो. तुझ्या गच्चीवर १८-२० टन ओझं होतं, आणि उष्णता तो फारशी अडवत नाही. ५० मिलीमीटरची एक्सपीएस शीट चौरस मीटरला दोन किलोसुद्धा भरत नाही. कोबा उतारासाठी आणि पाण्यासाठी आहे. त्याला तेवढंच काम दे, आणि जाडी त्या कामापुरतीच ठेव.

ईपीएस स्वस्त पडतो हे खरं. पण तो पाणी जास्त पितो आणि हलका माल पायाखाली दबतो. घ्यायचाच तर घनता लेखी घे, आणि त्याच्यावर वॉटरप्रूफिंगचं पूर्ण संरक्षण ठेव. पीयूएफ फवारून केला तर सांधे राहत नाहीत, अडथळाही सगळ्यात जास्त. पण सगळं फवारणाऱ्याच्या हातावर असतं आणि उघडा राहिला तर तो उन्हाने खराब होतो. एक्सपीएसच्या पेशी बंद असतात, पाणी फार थोडं शिरतं, वजन पेलतो. तुझ्या वापरत्या गच्चीसाठी माझं मत एक्सपीएसला आहे. पण माझ्या मतावर जाऊ नकोस. चाचणीचा दाखला माग, वाहकता आणि दाब पेलण्याची ताकद वाच, वर सांगितलेला भागाकार कर, आणि मग ठरव.

चकाकणाऱ्या फॉइलच्या बबल शीटचा दर तू 'सगळ्यात किफायतशीर' म्हणून गोल केला आहेस. ती शीट स्क्रीडखाली दाबायची असं विक्रेत्याने सांगितलं आणि तू मान डोलावलीस. ॲल्युमिनियमचा पत्रा प्रारित उष्णता परतवतो, पण त्यासाठी त्याच्या समोर हवेची मोकळी पोकळी लागते. काँक्रीट आणि मसाल्यात दाबला की तो नुसता धातू. ॲल्युमिनियम हा उष्णतेचा उत्तम वाहक. मग उरतो तो चार-पाच मिलीमीटरच्या फुग्यांचा अडथळा. पत्र्याच्या शेडमध्ये, पत्र्याखाली पोकळी सोडून ती शीट ताणली तर तिचा उपयोग आहे. तुझ्या स्लॅबवर नाही. वहन, अभिसरण, प्रारण हे तीन शब्द आठवीच्या पोराला येतात. अभियंत्याने ते विक्रेत्यासमोर विसरावेत?

काचलोकर किंवा रॉकवूल वाईट नाही. फॉल्स सीलिंगच्या वर, कोरड्या जागी ती चांगलं काम देते. आगीच्या बाबतीत फोमपेक्षा केव्हाही सुरक्षित. पण छताच्या आतून इन्सुलेशन लावण्याचा मार्ग मी तुला सुचवणार नाही. तसं केलंस तर स्लॅब स्वतः उन्हात तशीच तापत राहील, दिवसा फुगेल, रात्री आकसेल, भेगा पडतील आणि त्या भेगांतून पावसाळ्यात गळेल. वरून घातलेलं इन्सुलेशन स्लॅबलाच ऊन लागू देत नाही. नवं घर बांधताना ही संधी मिळते. जुन्या फ्लॅटमध्ये गच्ची आपली नसते, तिथे माणूस नाइलाजाने आतून लावतो. तुझा काय नाइलाज आहे? आणि फोमची शीट खोलीत उघडी ठेवण्याचा विचारही मनात आणू नकोस. २०१७ साली लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली, बाहेरच्या ज्वालाग्राही आवरणावरून ती भराभर वर चढली आणि ७२ माणसं गेली. फोम नेहमी मसाल्याच्या, काँक्रीटच्या आड असला पाहिजे.

काम कसं करायचं तेही लिहितो, कारण उत्तम शीट वाईट हाताने घातली की मातीमोल होते. स्लॅब पूर्ण सुकू दे. मग उताराचा पातळ कोबा, निदान १०० ला १ असा उतार पाण्याच्या तोंडाकडे. पॅरापेटच्या पायथ्याला गोलाई. त्यावर वॉटरप्रूफिंग. मग पाइपची तोंडं बंद करून गच्चीवर पाणी भर, निदान दोन दिवस ठेव, आणि खालून प्रत्येक खोलीचं छत स्वतःच्या डोळ्यांनी बघ. ठेकेदाराच्या तोंडून ऐकू नकोस. ओल दिसली नाही तरच शीट घालायची. शीटच्या कडा एकमेकींत बसणाऱ्या घे, सांधे विटांसारखे आळीपाळीने ठेव, कुठेही फट सोडू नकोस. पाइपाभोवती शीट नीट कापून बसव. मजूर तिथे हाताने तुकडा मोडतो आणि भोक मसाल्याने भरतो. तो मसाल्याचा ठिपका उष्णतेचा दरवाजाच. शीटवर जिओटेक्स्टाइलचं कापड, त्यावर जाळी घातलेला काँक्रीटचा थर, सांधे सोडून, आणि सगळ्यात वर पांढरी चायना मोझॅक. या सगळ्या वेळात तू गच्चीवर उभा राहायचं. ओल्या झालेल्या फोमचा काही उपयोग नाही. पाण्याची वाहकता ०.६ आहे, फोमच्या जवळजवळ अठरा पट. आत पाणी शिरलं की तू विकत घेतलेला अडथळा तिथल्या तिथे संपला.

पांढरा रंग हा यातला सगळ्यात स्वस्त भाग, आणि नेमका तोच तुझ्या कागदात नाही. गच्चीला तू गडद लाल टाइल दाखवली आहेस, 'एलिव्हेशनला जाते' म्हणून. काळपट काँक्रीट किंवा गडद टाइल १०० भाग उन्हातले ७० च्या आसपास गिळते. स्वच्छ पांढरा पृष्ठभाग ३० च्या आसपास. भर दुपारचा ढोबळ हिशेब मांडलास तर गडद छताखाली १०० मिलीमीटर फोम आणि पांढऱ्या छताखाली ५० मिलीमीटर फोम, दोन्हींतून आत येणारी उष्णता जवळजवळ सारखीच निघते. रंग बदलून दोन इंच फोमचे पैसे वाचतात. मात्र पांढरं छत धुवावं लागतं. धूळ बसली की परावर्तन उतरतं. मराठवाड्यातले लोक माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, पावसाळ्यापूर्वी माती सारखी करत आणि पांढरीची माती नव्याने पसरत. छताची दरवर्षी निगा राखावी लागते हे त्यांनी गृहीत धरलं होतं. तुलाही वर्षातून दोनदा गच्ची घासायला माणूस लावता येईल.

आता भिंती. इथे तू उलट चूक केली आहेस. छताला ती एक ओळ आणि चारही भिंतींना बाहेरून फोमचं आवरण दाखवलं आहेस. २३० मिलीमीटरच्या विटांच्या भिंतीची यू-व्हॅल्यू २ च्या आसपास येते. तीच भिंत २०० मिलीमीटरच्या एएसी, म्हणजे हवेच्या छिद्रांच्या हलक्या काँक्रीटच्या ब्लॉकची केलीस तर ०.७६ च्या आसपास. जी भिंत कशाने तरी बांधायचीच आहे ती फक्त वेगळ्या ब्लॉकने बांधून साठ टक्क्यांहून जास्त उष्णता अडते. वजन कमी, म्हणून सांगाड्यावरचा भारही कमी. मग त्यावर आणखी आवरण कशासाठी? तेवढे पैसे काढ आणि गच्चीवर आण.

पण एएसीचं काम विटेच्या सवयीने करशील तर रडशील. ब्लॉक भिजत टाकायचे नाहीत, वरून पाण्याचा हलका हात मारायचा. सांध्यांना पातळ थराचा तयार मसाला वापरायचा. जाड सिमेंटचा सांधा घातलास तर प्रत्येक सांधा उष्णतेची वाट होतो. कॉलम आणि ब्लॉक भेटतात तिथे जाळी लावल्याशिवाय गिलावा करायचा नाही. नळ-विजेच्या खाचा हातोड्याने फोडायच्या नाहीत, कटरने कापायच्या. बाहेरचा गिलावा पाणी धरणार नाही असा हवा, कारण हा ब्लॉक पाणी ओढतो. तुझ्या गवंड्याला हे येत नसेल तर त्याला शिकव. शिकवायला वेळ नसेल तर येणारा गवंडी आण.

मुख्य झोपायची खोली तू वास्तूच्या सल्ल्याने वर नैर्ऋत्येला ठेवली आहेस, आणि ती आई-वडिलांना देणार म्हणतोस. ठेव. पण घरातली सगळ्यात तापणारी जागा तीच हे तुला ठाऊक हवं. वरून गच्ची, एका अंगाने पश्चिमेची भिंत. आणि त्याच पश्चिमेला तू सहा फुटांची सरळ काच दाखवली आहेस, छज्जा नाही. साधी काच आपल्यावर पडलेल्या उन्हातला सुमारे ८० टक्के भाग आत सोडते. ३ चौरस मीटर काच आणि संध्याकाळचं चौरस मीटरला ६०० वॉटचं ऊन धरलं तर १,४०० वॉटच्या वर उष्णता त्या एका खिडकीतून येते. इन्सुलेशन केलेल्या तुझ्या अख्ख्या गच्चीतून दीड हजार वॉट येणार आणि एका खिडकीतून जवळपास तेवढीच. सत्तरीतल्या माणसांना त्या खोलीत तू दुपारी झोपायला लावणार. खिडकी दक्षिणेला घे, पश्चिमेची लहान कर. पश्चिमेचं ऊन आडवं येतं, आडव्या छज्ज्याने पुरतं अडत नाही, म्हणून बाहेरून उभ्या पट्ट्या किंवा झडप दे. आतल्या पडद्यावर भिस्त ठेवू नकोस. ऊन काचेच्या आत आलं म्हणजे उष्णता घरात आली.

आणखी एक. इन्सुलेशन उष्णता अडवतं, ते थंडी तयार करत नाही. दिवसभरात आत जी उष्णता जमते ती रात्री बाहेर जायला वाट हवी. समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या, वर हवा बाहेर टाकणारा पंखा, जिन्याच्या माथ्यावर झरोका. तू सगळ्या खिडक्यांना स्थिर काच दिली आहेस, 'एसी आहे ना' म्हणून. वीज गेली की काय करशील? आपल्याकडे मेमध्ये कूलर चालतो तो बाहेरची कोरडी हवा आत घेतो म्हणून, आणि आत आलेली हवा बाहेर जायला जागा असते म्हणून. बंद पेटीत कूलरही चालत नाही.

तुझी सबब मला ठाऊक आहे : 'सर, सोलर लावतोय, मग हा खर्च कशाला?' सोलर जरूर लाव. तीन किलोवॉट आणि त्यावरच्या यंत्रणेला केंद्राच्या सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान मिळतं, ते घे. पॅनलच्या सावलीतला गच्चीचा भागही कमी तापतो. पण स्लॅब धग सोडते संध्याकाळी आणि रात्री, तेव्हा पॅनल झोपलेले असतात. आधी मागणी कमी कर, मग उरलेल्या मागणीपुरते पॅनल बसव. कमी पॅनल लागतील. विजेच्या बिलाचा हिशेबही असाच. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, १०० युनिटच्या वर वेगळा, ३०० च्या वर आणखी वेगळा. उन्हाळ्यात वाचलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरच्या, महाग टप्प्यातून वाचतं. सरासरी दराने परतफेड काढशील तर चुकीचं उत्तर येईल. आणि एसीचा आकार? छत नीट केलं की वरच्या खोल्यांना दीड टनाची गरज उरते का ते नव्याने मोज. एक टनात भागलं तर यंत्रांचा, वायरिंगचा वाचलेला पैसा थेट इन्सुलेशनच्या खात्यात जमा कर. खरी किंमत तेव्हा कळते.

हे तू कधी करणार, हाही प्रश्न आहे. दगडी क्लॅडिंग पाच वर्षांनी लावता येतं. फॉल्स सीलिंग कधीही करता येतं. एसी एकेक घेता येतो. भिंतीचा ब्लॉक, खिडकीची दिशा आणि छताचे थर एकदा झाले की बदलायला फोडाफोड करावी लागते, आणि फोडाफोड कोणी करत नाही. मग माणसं तशीच तापत राहतात. म्हणून पैसे कमी पडत असतील तर जे नंतर करता येईल ते मागे ढकल. तू नेमकं उलट केलं आहेस : जे नंतर होणार नाही ते कापलंस आणि जे कधीही होईल ते आधी घेतलंस. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे, कारण ही चूक आकड्यांची नाही, विचाराच्या क्रमाची आहे.

नवं अंदाजपत्रक करून आण. त्यात आधी छताच्या थरांचा काटछेद हवा, प्रत्येक थराची जाडी आणि वाहकता लिहून, खाली यू-व्हॅल्यू काढून. मग भिंतीचा, मग प्रत्येक खिडकीची दिशा आणि क्षेत्रफळ. दराच्या आधी अडथळा, अडथळ्याच्या आधी दिशा. चाचणीच्या दाखल्याशिवाय एकही सामान चालणार नाही.

आणि हे स्वतःच्या बंगल्यापुरतं ठेवू नकोस. तुझ्या टेबलावर लोकांच्या घरांचे नकाशे येतात. बहुतेकांकडे चार एसींचे पैसे नसतात, एका पंख्यावर उन्हाळा काढणारी माणसं असतात ती. त्यांच्या छताखालची धग तुझ्यापेक्षा त्यांना जास्त छळते, कारण तिच्यापासून पळायला दुसरी खोली नसते. ज्याला एक इंच शीट परवडते त्याला एक इंच घालायला सांग, पहिलाच इंच सगळ्यात जास्त काम करतो हे तुला आता माहीत आहे. ज्याला तेही परवडत नाही त्याच्या गच्चीवर मार्च संपायच्या आत चुन्याची सफेदी मारून घे, आणि दरवर्षी मारायला सांग. गिऱ्हाईक मागत नाही म्हणून सांगायचं नाही, हे उत्तर माझ्यासमोर पुन्हा देऊ नकोस. गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं, म्हणूनच ते तुझ्याकडे येतं.